कंपनीचा कारकून : चार्ल्स लॅम्ब

१८१८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात आष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले आणि मराठी राज्याचा शेवट दृष्टिपथात आला. ज्या ईस्ट इंडिया कंपनीने हे राज्य घेतले, तिच्या लंडनमधील लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत त्याच आठवड्यात त्रेचाळीस वर्षांचा एक कारकून वर्डस्वर्थ कवीच्या पत्नीला पत्र लिहीत बसला होता. पत्राचा विषय राज्यविस्तार नव्हता. आपल्याला एक तासभरही एकटे राहू दिले जात नाही, ही त्याची तक्रार होती. सकाळी कचेरीत सहकारी बोलत राहतात, रस्त्यात ओळखीचे भेटतात, घरी जेवणाच्या पानावर पाहुणा येतो आणि रात्री तो उठून जातो न जातो तोच दुसरा दारात उभा असतो. आपण आता एकटे लॅम्ब उरलोच नसून 'लॅम्ब आणि कंपनी' झालो आहोत, अशा आशयाचा विनोद त्याने केला. हे पत्र त्याने कचेरीच्या वेळात लिहिले होते, हेही सांगितले पाहिजे.

एकांतासाठी तळमळणारा आणि तरीही मित्रांवाचून चैन न पडणारा हा कारकून म्हणजे इंग्रजी ललित निबंधाचा थोर शिल्पकार चार्ल्स लॅम्ब. मराठीतील लघुनिबंधाची चर्चा त्याच्या नावावाचून पुरी होत नाही. शेक्सपिअरची पहिली ओळख ज्यांना मूळ नाटकांऐवजी लॅम्बच्या गोष्टींतून झाली, अशा शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. पण या मिश्किल लेखकाचे आयुष्य कशावर उभे होते, याची कल्पना त्याच्या हयातीत त्याच्या वाचकांना नव्हती आणि पुढेही बरीच वर्षे ती त्यांना आली नाही.

लॅम्बचा जन्म १० फेब्रुवारी १७७५ रोजी लंडनच्या इनर टेंपल या वकिलांच्या वसाहतीत झाला. वडील सॅम्युएल सॉल्ट नावाच्या एका मातबर वकिलाकडे कारकून होते. कारकून हा शब्द झाला सभ्यपणाचा. प्रत्यक्षात धन्याची सर्व प्रकारची सेवा त्यांच्याकडे असे. या सॉल्टसाहेबांच्या ग्रंथसंग्रहात चार्ल्स आणि त्याची दहा वर्षांनी मोठी बहीण मेरी यांना मुक्तद्वार होते. सातव्या वर्षी तो ख्राइस्ट्स हॉस्पिटल या धर्मादाय शाळेत दाखल झाला. तेथे कोलरिज त्याला भेटला आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या मैत्रीचा आरंभ झाला. दोघांच्याही बुद्धीला धार होती. परंतु लॅम्ब तोतरा होता. त्या शाळेतून विद्यापीठात जाणाऱ्या मुलांनी पुढे धर्मोपदेशक व्हावे अशी अपेक्षा असे, आणि अडखळत बोलणारा मुलगा प्रवचन काय देणार? कोलरिज केंब्रिजला गेला. लॅम्ब चौदाव्या वर्षी शाळेबाहेर पडला. साउथ सी हाउसमध्ये काही महिने काढून ५ एप्रिल १७९२ रोजी, वयाच्या सतराव्या वर्षी, तो कंपनीच्या हिशेबखात्यात रुजू झाला. पहिली तीन वर्षे नियमित पगारही नव्हता.

त्याच वर्षी सॉल्ट वारले आणि टेंपलमधील घर सुटले. वडिलांची स्मृती ढासळू लागली, आई अंथरुणाला खिळली, घरात एक वृद्ध आत्या. मोठा भाऊ जॉन स्वतःपुरता नोकरी करून वेगळा राहत होता. मेरी शिवणकाम करून घराला हातभार लावी आणि रात्री आईशेजारी झोपे. एकविशीच्या आत लॅम्बने एका मुलीवर प्रेम केले. ते फळाला आले नाही. १७९५-९६च्या हिवाळ्यात त्याचे मन बिघडले आणि त्याला सहा आठवडे वेड्यांच्या इस्पितळात राहावे लागले. बाहेर आल्यावर त्याने कोलरिजला कळवले ते असे, की तेथे आपला काळ मोठ्या मजेत गेला आणि आता आपण कोणाला चावत नाही. लॅम्बच्या विनोदाची जात पुढे आयुष्यभर हीच राहिली.

खरा घाला पुढेच होता. २२ सप्टेंबर १७९६ रोजी दुपारच्या जेवणाची तयारी चालू असताना अतिश्रमाने थकलेल्या मेरीला वेडाचा झटका आला. शिवण शिकायला येणाऱ्या मुलीच्या अंगावर ती सुरी घेऊन धावली, आई मध्ये पडली आणि मेरीच्या हातून आईचा खून झाला. वडील जखमी झाले. चार्ल्सने तिच्या हातातली सुरी काढून घेतली, पण तोवर सारे संपले होते. न्यायपंचांनी वेडाच्या भरात घडलेले कृत्य म्हणून निर्णय दिला. मेरीला कायमचे वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे, असे थोरल्या भावाचे मत पडले. जगाच्या दृष्टीने ते वावगेही नव्हते. पण एकवीस वर्षांच्या, तुटपुंज्या पगाराच्या चार्ल्सने तिच्या देखभालीची आयुष्यभराची हमी घेतली. १७९९ साली वडील वारल्यावर त्याने बहिणीला घरी आणले आणि मरेपर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे, तिच्याबरोबर संसार केला.

संसार हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. मेरी बरी असताना अत्यंत समंजस, वाचनवेडी आणि गोड स्वभावाची बाई होती. लॅम्बच्या मित्रांना तिचा सल्ला त्याच्यापेक्षा अधिक मोलाचा वाटे. पण झटका पुन्हा पुन्हा येई, कधी वर्षातून एकदा तर कधी त्याहून अधिक. तो येणार हे दोघांनाही आधी कळू लागले होते. मग भाऊ कचेरीतून रजा काढी आणि दोघे इस्पितळाच्या वाटेने चालू लागत. शेतांतून जाणाऱ्या त्या पायवाटेवर हातात हात घालून रडत चाललेली ही भावंडे एका मित्राने पाहिली होती. प्रवासाला निघताना सामानात वेड्याला आवळून ठेवण्याचा अंगरखा न विसरता बांधला जाई आणि तो मेरी स्वतः बांधी. घराण्याची ही कथा शेजारीपाजारी फुटली की घरमालक जागा सोडायला सांगे. लॅम्बने आयुष्यात इतकी बिऱ्हाडे बदलली त्याचे एक कारण हे होते.

अशा घरात दर बुधवारी रात्री मैफल जमे. पुढे वार बदलून गुरुवार झाला, परंतु रीत तीच राहिली. पत्त्यांचा डाव मांडलेला असे, बाजूच्या टेबलावर थंड मांस आणि बिअर ठेवलेली असे आणि ज्याला जे हवे ते त्याने आपल्या हाताने घ्यावे. त्या खोलीत हॅझलिट येई, ली हंट येई, गॉडविन येई. कोलरिज आणि वर्डस्वर्थ लंडनमध्ये असले की तेही येत. कॅप्टन कुकबरोबर जग फिरून आलेले बर्नी तेथे पत्ते खेळत. पण केवळ नामांकितांचीच वर्णी तेथे लागे असे समजणे चुकीचे ठरेल. विक्षिप्त, अपयशी, कर्जबाजारी, ज्यांना दुसऱ्या दारी कोणी उभे करणार नाही अशी माणसेही तेथे हक्काने बसत. लॅम्बने मित्र निवडताना त्यांची मते पाहिली नाहीत, पक्ष पाहिला नाही, कीर्ती तर नाहीच नाही. हॅझलिट आणि वर्डस्वर्थ एकमेकांची तोंडे पाहायला तयार नव्हते, तेव्हाही लॅम्ब दोघांचाही मित्र होता. साहित्यिकांच्या जगात ही गोष्ट फारशी आढळत नाही. तिथे एकाचा मित्र म्हणजे दुसऱ्याचा शत्रू हाच हिशेब सर्वसाधारणपणे चालतो.

या मैफलीत लॅम्बचे तोतरेपण त्याच्या कामी येई. सगळे वादात गुंतले असताना तो दोनतीनदा अडखळे, सर्वजण थांबत, आणि मग एखादी कोटी अशी बाहेर पडे की तासाभराच्या वादाचा निकाल लागे. एका खेळगड्याचे हात मळके होते. मळ हा हुकूम असता तर त्याच्या हातात केवढी पाने आली असती, असे लॅम्ब म्हणाल्याचे सांगतात. डिसेंबर १८१७मध्ये चित्रकार हेडनच्या घरी झालेल्या मेजवानीत कीट्स, वर्डस्वर्थ आणि लॅम्ब एकत्र होते. तेथे स्टँप खात्यातील एक अधिकारी आला आणि वर्डस्वर्थला वाङ्मयावर गंभीर चेहऱ्याने बाळबोध प्रश्न विचारू लागला. लॅम्ब मेणबत्ती घेऊन उठला आणि त्या गृहस्थाच्या डोक्यावरील उंचवटे तपासू देण्याची परवानगी मागू लागला. शेवटी त्याला दुसऱ्या खोलीत न्यावे लागले. तो अधिकारी वर्डस्वर्थच्या सरकारी नोकरीतला वरिष्ठ होता, त्यामुळे वर्डस्वर्थची पंचाईत झाली. लॅम्बला मात्र सर्व वरिष्ठ सारखेच होते.

मैत्रीत भांडणेही झाली. १७९८ साली कोलरिजशी वितुष्ट आले आणि दीड-दोन वर्षे ते टिकले. कोलरिजने कवितेत त्याला कोमल हृदयाचा म्हटले, तेव्हा लॅम्बने रागावून त्याऐवजी दारुडा, तोतरा, काहीही म्हण, असे कळवले. स्वतःवर दया ओढवून घेणे त्याला मंजूर नव्हते. कोलरिज पुस्तके उसनी नेई आणि महिनेच्या महिने परत करीत नसे. परत करी तेव्हा समासात टिपणे भरलेली असत. लॅम्बने त्यावर निबंध लिहिला आणि असे पुस्तक व्याजासह परत आले असे मानले. १८२३ साली सदी या मित्राने त्याच्या निबंधांत धर्मबुद्धी कमी पडते असा शेरा छापून मारला, तेव्हा लॅम्ब जाहीर पत्र लिहून त्याच्यावर तुटून पडला. सदी समेटासाठी पुढे आला, घरी येऊन भेटला आणि प्रकरण मिटले.

त्याच्या मित्रांत टॉमस मॅनिंग हे एक निराळेच प्रकरण होते. केंब्रिजचा हा गणिती चिनी भाषेच्या वेडाने १८०६ साली कँटनला गेला. पुढे कलकत्त्याहून भूतानमार्गे निघून तो १८११ साली तिबेटात ल्हासाला पोहोचला आणि बालवयातील दलाई लामांना भेटला. त्या नगरीत पाऊल ठेवणारा तो पहिला इंग्रज. इकडे लॅम्ब कचेरीच्या टेबलावरून त्याला पत्रे धाडीत होता. १८१५च्या नाताळात त्याने मॅनिंगला कळवले, की तू परत येशील तेव्हा आम्ही सारे जख्ख म्हातारे झालेले असू. कोण कोण कसे वारले, याची कल्पित यादीही त्याने दिली. दुसऱ्याच दिवशी दुसरे पत्र लिहून, कालचे सारे खोटे होते, असे त्याने सांगून टाकले. कारण मॅनिंग परतीच्या वाटेवर लागणार आणि थट्टा कडू होईल, हे त्याच्या लक्षात आले. भाजलेल्या डुकराच्या मांसावरचा त्याचा जो निबंध जगप्रसिद्ध आहे, त्यातली घर जळाल्याची चिनी कथा या मॅनिंगच्या तोंडून ऐकल्याचे त्याने दाखवले आहे.

ही सारी मौज तेहतीस वर्षांच्या कारकुनीच्या आत बसवलेली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. नीळ, चहा, कापड यांच्या लिलावांचे आकडे तो दिवसभर जाड वह्यांत उतरवी. जेम्स मिल आणि पुढे त्याचा पुत्र जॉन स्टुअर्ट मिल याच इमारतीत बसून हिंदुस्थानच्या कारभाराचे खलिते लिहीत. लॅम्बचा त्या कारभाराशी संबंध आकड्यांपुरता होता. निळीच्या पेट्यांमागचा बंगालचा शेतकरी त्याच्या लेखनात कोठे दिसत नाही. ही त्याच्या दृष्टीची मर्यादा नोंदवलीच पाहिजे. आपले खरे समग्र वाङ्मय लेडनहॉल स्ट्रीटच्या फडताळांत आहे, अशी तो या वह्यांवरून थट्टा करी. नोकरीचा त्याला कंटाळा होता आणि तो त्याने लपवला नाही. पण नोकरी सोडून केवळ लेखणीवर जगू पाहणाऱ्या एका मित्राला त्याने तसे न करण्याविषयी कळकळीने बजावले. इस्पितळाचे पैसे या कचेरीतून येत होते, हे तो विसरला नाही.

उत्साह म्हणजे धावपळ किंवा मोठ्या मनोरथांची आस, असे मानले तर लॅम्ब उत्साही ठरणार नाही. तो क्वचितच लंडनबाहेर पडला. वर्डस्वर्थने त्याला डोंगरदऱ्यांत बोलावले, तेव्हा १८०१ साली त्याने उलट लंडनच्या रस्त्यांचेच गुणगान पाठवले: दिवे लागलेली दुकाने, जुन्या पुस्तकांचे ठेले, नाटकगृहे, गर्दी, चिखलावर पडणारे ऊन. या गर्दीच्या नुसत्या दर्शनाने आपले डोळे भरून येतात, असे त्याने कळवले. जुन्या चिनी मातीच्या भांड्यांवरील निबंधात बहिणीच्या तोंडून गरिबीच्या दिवसांची आठवण येते: एक जुना ग्रंथ कित्येक आठवडे दुकानात पाहून ठेवायचा, फाटका कोट आणखी काही आठवडे चालवायचा, शनिवारी रात्री दहाच्या सुमारास निर्धार करून दुकानदाराला उठवायचे आणि तो ग्रंथ मिरवत घरी आणायचा. पुढे पैसा आला आणि हवे ते पुस्तक केव्हाही घेता येऊ लागले, पण तो विजय पुन्हा लाभला नाही. महिनाअखेरीस पुस्तकाच्या दुकानाबाहेर घुटमळणाऱ्याला यावर अधिक भाष्य नको.

अपयशाशीही त्याने असेच जमवून घेतले. डिसेंबर १८०६मध्ये ड्रुरी लेन रंगभूमीवर त्याचे प्रहसन पहिल्याच रात्री पडले. प्रेक्षक सीत्कार करून नाटकाचा धिक्कार करू लागले, तेव्हा लॅम्बही त्यांत सामील झाला. पुढच्याच महिन्यात शेक्सपिअरच्या गोष्टी प्रसिद्ध झाल्या. वीसांपैकी चौदा मेरीने आणि सहा चार्ल्सने लिहिल्या होत्या. मुखपृष्ठावर मात्र चार्ल्सचे एकट्याचे नाव आले. १८१९ साली त्याने फॅनी केली या नटीला पत्राने मागणी घातली. तिने त्याच दिवशी नकार कळवला आणि त्याच दिवशी त्याने कोटी करून, मैत्री आहे तशी राहो, असे उत्तर दिले. तिच्या नकारामागे त्या घरातील वेडाची भीती होती, हे तिच्या पत्रावरून पुढे उघड झाले. तिची मैत्री मात्र राहिली. १८२१ साली थोरला भाऊ वारला आणि पुढच्या जानेवारीत लॅम्बचा स्वप्नातल्या मुलांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. न झालेल्या लग्नाची, न जन्मलेली दोन मुले मांडीशी बसून आजीच्या गोष्टी ऐकतात आणि शेवटी विरून जातात. हा निबंध 'एलिया' या नावाने आला. साउथ सी हाउसमधल्या एका इटालियन कारकुनाचे आडनाव त्याने १८२०मध्ये उसने घेतले होते, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. ज्या लेखनामुळे तो राहिला ते सारे या वयानंतरचे आहे.

लॅम्बचे एक चित्र व्हिक्टोरिया राणीच्या काळात रूढ झाले, ते संताचे. थॅकरेने तर त्याला तसे म्हटलेच. ते चित्र त्याला नक्कीच आवडले नसते. तो दारू पीत असे, अनेकदा नको तितकी. तंबाखू सोडण्याची प्रतिज्ञा करून मोडीत असे. भलत्या ठिकाणी भलता विनोद करून दुसऱ्या दिवशी शरमेने माफीची पत्रे लिहीत असे. हॅझलिटच्या लग्नात तर प्रार्थनामंदिरातच त्याला हसू आवरेना. दुसऱ्या टोकाला कार्लाइल. त्याने १८३१ साली म्हाताऱ्या लॅम्बला पाहिले आणि आपल्या टिपणवहीत त्याला बरळणारा विदूषक ठरवले. कार्लाइलला त्या घराची हकिकत तेव्हा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तथापि ठाऊक असती तरी त्याने मत बदलले असते असे नाही. ज्याला हसणे हाच दोष वाटतो त्याला लॅम्ब समजणे कठीण आहे.

२९ मार्च १८२५ रोजी कंपनीने त्याला निवृत्त केले. निवृत्तिवेतन वर्षाला चारशे पन्नास पौंड ठरले. त्यातून आपल्या पश्चात मेरीची सोय व्हावी म्हणून नऊ पौंड कापले जात आणि चारशे एक्केचाळीस हातात पडत. आयुष्यभर ज्या एकांताची हाव धरली होती तो आता पुरेपूर मिळाला. पहिले काही दिवस तो भांबावल्यासारखा झाला. रविवार कोणता आणि सोमवार कोणता याची चव निघून गेली. तो कचेरीत जुन्या सोबत्यांना भेटायला गेला, तेव्हा त्याचे टेबल आणि टोपी अडकवायची खुंटी दुसऱ्याला दिलेली होती. १८२७मध्ये भावंडे लंडन सोडून एन्फील्डला गेली. तेथे मेरीचे आजारपण महिनोन् महिने चालू लागले. ज्या अनाथ एमा इसोलाला त्यांनी मुलीसारखे वाढवले होते, तिचे १८३३ साली लग्न झाले आणि घर रिकामे झाले. दारात न मावणारे मित्र आता दूर होते किंवा निवर्तले होते. हॅझलिट १८३०मध्ये गेला, तेव्हा लॅम्ब त्याच्या अंथरुणाशी होता. लंडनच्या लाडक्या रस्त्यांत तो मुद्दाम फिरून येई, पण ज्यांच्यामुळे ते रस्ते आपले वाटत ती माणसे तेथे नव्हती. गर्दीतून मिळणारा एकांत आणि कोणी नसल्याने लादलेला एकांत यांतला फरक त्या पत्रांत जागोजागी जाणवतो.

शेवटचे बिऱ्हाड एडमंटनला झाले, ते मेरीची शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबाच्या घरातच. आता तिला इस्पितळात पोहोचवून एकट्याने परतण्याची गरज नव्हती. २५ जुलै १८३४ रोजी कोलरिज वारला. त्यानंतर लॅम्ब चारचौघांत बोलता बोलता थांबे आणि कोलरिज गेला, एवढेच पुन्हा पुन्हा म्हणे. डिसेंबरात नेहमीप्रमाणे फिरायला गेला असता तो अडखळून पडला, चेहऱ्याला जखम झाली, तिच्यातून धावरे पसरले आणि २७ डिसेंबरला त्याचा अंत झाला. मेरी त्या वेळी आपल्या आजाराच्या धुक्यात होती.

ती आणखी बारा वर्षे जगली. नऊ पौंडांची तरतूद वाया गेली नाही. १८४७च्या मे महिन्यात तिला भावाच्याच थडग्यात ठेवण्यात आले आणि मगच, १८४८ साली, टॅलफर्ड या मित्राने सप्टेंबर १७९६ची हकिकत छापून प्रसिद्ध केली. तोवर अर्धे शतक त्या बुधवारच्या मैफलीतील अनेकांना ती ठाऊक होती, आणि त्यांतल्या भांडकुदळांनी, फटकळांनी आणि एकमेकांचे वैरी झालेल्यांनीसुद्धा ती मेरीच्या हयातीत ग्रंथात येऊ दिली नाही. एलियाच्या निबंधांत ब्रिजेट नावाची एक वडीलधारी चुलतबहीण येते, जिच्याबरोबर लेखक वर्षानुवर्षे एका घरात राहतो, वाचतो, वाद घालतो. ती कोण, हे वाचकांना तेव्हा कळले.